उज्वलाबाईंचा हजेरीपट

उज्वलाबाई आमच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून आल्या तेव्हा मी मनात म्हटलं, ही मुलगी दिवाळीपर्यंत टिकली तरी खूप. ओझरजवळच्या द्राक्षबागाईतदाराची लेक, पायात उंच टाचांच्या चपला. आमचा पाडा पेठच्या पुढे डोंगरात. जीप फाट्यावर सोडणार, तिथून तासभर पायपीट. साल २००३. शाळा दोन शिक्षकी. मी मुख्याध्यापक, म्हणजे घंटा वाजवण्यापासून सगळं मीच, आणि दुसऱ्या त्या.

माणसं ओळखण्यात मी पहिल्यापासून कच्चा. आठ दिवसांत चपला गेल्या, बाई राहिल्या. पटावर तेवीस मुलं, आणि दोन-तीन महिन्यांत रोज वीस-एकवीस वर्गात दिसायला लागली. मला बारा वर्षांत हे जमलं नव्हतं. खरं सांगायचं तर थोडं खुपलंही.

दिवाळीच्या सुट्टीत बाई घरी गेल्या. आईच्या हातचं खाल्लं, दुपारी ताणून दिली, रविवारी पेठच्या खोलीवर मुक्कामाला येऊन सोमवारी सकाळी शाळेत हजर झाल्या. चेहरा टवटवीत, हातात चिवड्याचा आणि करंज्यांचा मोठा डबा. तेवीस मुलांना पुरेल इतका फराळ. वर्गात मुलं होती नऊ.

"सर, आज कुठं बाजार आहे का?" त्यांनी विचारलं.

"बाजार नाही, बागा आहेत," मी म्हणालो. भात कापून झालं की आमच्याकडची घरंच्या घरं मुकादमाच्या टोळीत दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात, ती होळीला परततात. मुलंही बरोबर जातात. त्यांना मागं कुणाच्या भरवशावर ठेवणार? शिवाय आई कामाला लागली की धाकट्याला सांभाळायला थोरलं लागतंच. हे मी बाईंना आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. इथं सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यांनाही असेल असं धरून चाललो.

"कुणाच्या बागेत गेलीत ती, कळेल का?" बाईंनी विचारलं. उत्तर चौथीतल्या ललितानं दिलं.

"बाई, ती समदी तं तुमच्याच बागंला गेली. रावजी मुकादम बोलला, बाईंची बाग हाय, पोरांना लय जपतील."

बाई खुर्चीत बसल्या. मग हळूहळू सगळं कळलं. दिवाळीआधी त्यांच्या वडिलांनी, गोरक्षभाऊंनी, निरोप धाडला होता: तुझ्या गावात माणसं असतील, बघ एखादी टोळी. बाईंनी रावजी मुकादमाला चिठ्ठी दिली. गावाला काम, वडिलांना माणसं, दोन्हीकडचं भलं. मुलं टोळीबरोबर जातात हे बिचारीच्या ध्यानीमनी नव्हतं. टोळी बागेवर उतरली रविवारी संध्याकाळी, आणि बाई सकाळीच घरून निघाल्या होत्या.

मी हजेरीपट पुढे केला. "सगळे हजर लावा."

"खोटं?"

"दरवर्षी लागतं. गैरहजर लावत गेलात तर नावं कमी होतील. पट नऊवर आला की दुसरं पद उडालं, म्हणजे तुम्ही. शिवाय केंद्रप्रमुख विचारतील, मुलं गेली कुठं. काय सांगणार?"

बाईंनी पट उघडला आणि पेन बाजूला ठेवलं. त्यांना मी पुरतं कोंडलं होतं आणि ते मला कळतही होतं. माझाही स्वार्थ होताच. त्या गेल्या असत्या तर चारही इयत्ता पुन्हा एकट्यानं ओढायच्या.

तो आठवडा त्यांनी रकाने कोरे ठेवले. रविवारी बागेवर जाऊन आल्या. सोमवारी फाट्यावरून चालत येताना त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांना पाहताच मुलांनी वेलींच्या मांडवाखाली रांग धरली आणि "नमस्ते बाई" म्हटलं. तिसरीतली सरिता धाकट्या भावाला कडेवर घेऊन रांगेत उभी होती. तिची आई पुतळाबाई म्हणाली, "न्या ना बाई हिला. पन बारक्याला कोन धरील? आन् तिकडं हिला भाकर कोन घालील?" गोरक्षभाऊ म्हणाले, "पोरं ने, मी कुठं अडवतो? पण पोरांमागं आईबाप जातील. घडांची विरळणी तोंडावर आलीय, आता माणसं कुठून आणू? चिठ्ठी तूच दिलीस ना?"

"सर, कुठूनच वाट नाही," बाई म्हणाल्या. "गैरहजर लावलं तर पद जातं, वर बाबांचं नाव निघतं. मुलं आणावीत तर ठेवू कुठं? माझीच खोली आठ बाय दहाची."

"मग पेन घ्या," मी म्हणालो. याहून शहाणं काही मला सुचलं नाही.

वर्गात आल्यावर त्यांनी पेन घेतलं, पण नुसत्या खुणा करेनात. एकेक नाव मोठ्यानं पुकारायला लागल्या. "सरिता?" ललिता उठून म्हणाली, "तुमच्या बागंत, बाई." बाईंनी हजर लावलं. "सुनील?" "तुमच्या बागंत, बाई." हजर. असं चौदा वेळा. ललिताला त्यात गंमत वाटत होती, बाकीची आठ मुलंही हसत होती.

मधल्या सुट्टीत मी म्हटलं, "नावं कशाला पुकारता? खुर्चीत बसून गुपचूप रकाने भरून टाका."

"लिहायचं खोटंच आहे ना," त्या म्हणाल्या, "मग खरं काय ते ऐकून तरी लिहिते."

होळीपर्यंत रोज हेच चाललं. मी रोज त्या वेळेला काहीतरी काम काढून पाण्याच्या टाकीकडं जायचो. मला ते ऐकवत नव्हतं. लाज वाटायची.

वर्षअखेर शिक्षणसेवकाचा अहवाल मुख्याध्यापकानं लिहायचा असतो. मी लिहिला: "काम समाधानकारक. वर्गाची उपस्थिती उत्तम." बाईंनी तो वाचला, खाली सही केली आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला. बदलीचा अर्ज होता. शिक्षणसेवकाला तीन वर्षं बदली मिळत नाही. मला ठाऊक होतं, त्यांनाही होतं.

"वर पाठवू नका, सर," त्या म्हणाल्या. "नुसता ठेवून घ्या. दप्तरात एवढा एक कागद तरी खरा असू दे."