काट्याला ब्लूटूथ जोडणाऱ्या बाई

तुमसरच्या धान गिरणीत मी वजनकाट्यावर बसायचो. आकडा फक्त मला दिसायचा. त्यातले दोन किलो गिळून मी तो मोठ्यानं सांगायचो. शेठ याला माझा अनुभव म्हणायचे.

मग वजन थेट संगणकात गेलं पाहिजे, असा वरून आदेश आला. संगणक चालवायला शेठनी फुकट मिळतं म्हणून लिनक्स घेतलं होतं. ब्लूटूथनं काटा जोडायला एक बाई आल्या. प्रत्येक ओळ टाईप करण्याआधी त्या बोटं पदराला पुसायच्या. संगणकाला काटा सापडला, पिन जुळला, पण वजनाचे आकडे आत घेणारा सिरियल पोर्ट उघडेना. संगणक म्हणे, परवानगी नाही. बाईंनी मालकाचा पासवर्ड मागितला. शेठनी तो अभिमानानं दिला.

पहिलं पोतं चढलं. सवयीनं मी ओरडलो, "चाळीस!"

पडद्यावर बेचाळीस उमटले, रांगेतल्या शेतकऱ्यांना दिसतील एवढे मोठे.

"जोडणीत बिघाड हाये," शेठ म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "जोडणी बरोबर हाये, भाऊ. आता मधात तुम्ही नाही पायजे."

माझे कान तापले. शेठनी पडदा बंद करवला, पण मग कोणी गाडीतून पोतंच उतरवेना. शेवटी तो सुरू करावा लागला.

मी हल्ली पोती शिवतो. तिथे ब्लूटूथ अजून पोचलेलं नाही.