आत्याला न सोसलेलं औषध

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच ठाऊक नाही.

माझा धाकटा भाऊ सुभाष ठिबक सिंचनाच्या नळ्यांच्या कारखान्यात कामाला होता. मग त्याला आवाज ऐकू यायला लागले. धुळ्यात दाखवलं तर गावभर होईल, म्हणून जळगावला नेलं. डॉक्टर व्याह्यांच्या ओळखीचे — म्हणजे व्हायचे व्याही. लेकीची सोयरीक नुकतीच जुळत आली होती. तेही आपुलकीनं आत येऊन बसले. नको कसं म्हणणार?

डॉक्टरांनी विचारलं, "रक्ताच्या नात्यात आणखी कुणाला हा त्रास? कुठलं औषध सोसलं नव्हतं का?"

होती ना! आमची सख्खी आत्या, फैजपूरला दिलेली. गोळ्यांनी तिची मान वळून अडकलेली मी डोळ्यांनी पाहिली होती, गोळीचं नावही लक्षात होतं. पण घरात एक असा निघाला तर लोक नशिबावर घालतात. दुसरा निघाला की घराण्यावर. मी व्याह्यांकडे पाहिलं आणि म्हणालो — कुणालाच नाही.

नेमकी तीच गोळी लिहून मिळाली. पाकिटावरचं नाव मी वाचलं. आणि मीच ती त्याला दुधाबरोबर दिली.

इथवर भित्रेपणा म्हणा. पुढच्याला काय म्हणाल?

साखरपुड्याच्या सकाळी त्याची मान वळली, डोळे वर चढले, जीभ जड झाली. आजार वाढला, असं सगळ्यांना वाटलं. मला माहीत होतं. डॉक्टरांना एक फोन करायचा होता — पण दारात पाहुणे आले होते. मी मागच्या खोलीला बाहेरून कडी घातली. तो आतून हाका मारत होता, शब्द फुटत नव्हते, आणि मी हसत पेढे वाटत होतो.

पाहुणे गेल्यावर नेलं त्याला. इंजेक्शननं मान सुटली. डॉक्टर म्हणाले, काहींच्या शरीरात हे औषध लवकर जिरत नाही, साचत जातं. हा गुण घराण्यातून येऊ शकतो, आधी कळलं असतं तर दुसरं दिलं असतं. या खेपेला व्याही नव्हते. तरी मी गप्पच.

लग्न थाटात झालं. सुभाष मात्र तेव्हापासून गोळीला भितो, थुंकून टाकतो. नोकरी गेली. त्याची बायको माहेरी गेली ती परतलीच नाही.

बरं वाटतं त्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसतो. पुतणीच्या साखरपुड्यात आपण विघ्न आणलं, असं त्याला वाटतं. म्हणतो, "भाऊ, मी तुले भलता तरास दिधा."

मी म्हणतो, "जाऊ दे."