सूर्यास्ताचा जोडतास

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी एक अख्खी शाळा हवेत उडवली. बेचाळीस शिक्षक, अठ्ठावीस वर्ग, शिवणापासून शास्त्रापर्यंतचे सगळे विषय गिरक्या घेत छताला जाऊन आले आणि गणिताच्या बाई थेट खिडकीतून बाहेर पडल्या. माझा गुन्हा एवढाच, की जिन्याखालच्या एका कोंदट खोलीत मी घामाघूम होऊन शिरलो आणि पंख्याचं बटण दाबलं.

खोलीत एका लांबरुंद टेबलावर पुठ्ठ्याचा तक्ता पसरला होता. त्यावर शेकडो चौकटी आणि चौकटी-चौकटीत नखाएवढे रंगीत तुकडे. एक रंग म्हणजे एक शिक्षक. टेबलामागे हातात चिमटा घेऊन एक किडकिडीत गृहस्थ उभे होते. तीन आठवड्यांच्या कामाचा डोळ्यांदेखत पाचोळा झाल्यावर दुसऱ्या कुणी तो चिमटा मला कुठे लावला असता हे सांगवत नाही. हे गृहस्थ फक्त म्हणाले, "आपण?"

"नवीन. भाषा शिकवायला आलोय."

ते गुडघ्यांवर बसले, कपाटाखाली हात घातला, धुळीने माखलेला एक मातकट तुकडा काढला आणि त्यावर फुंकर मारली. "हे तुम्ही. शनिवारी शेवटचा तास मोकळा ठेवला होता तुम्हाला. आता बघू."

चांगले रंग जुन्या लोकांनी आधीच पटकावले होते, म्हणून मी मातकट. शनिवारचा तो तास मला पुढे अकरा वर्षं मिळाला नाही.

हेच तक्तेसर. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते फक्त पगारपत्रकाला माहीत. ते इतिहास शिकवायचे, आणि शाळेचं वेळापत्रक बनवायचे. सव्वीस वर्षांत एकही वर्ग एका तासापुरताही शिक्षकावाचून राहिला नव्हता. कुणी आजारी पडलं, की सकाळी सात चाळीसला तक्तेसर पिवळ्या चिठ्ठ्या घेऊन दारात हजर. 'गैरहजर अमुक, बदली तमुक, सही.' त्या चिठ्ठीला नाही म्हणायची सोय नव्हती. आमचे कवायतीचे मास्तर मुख्याध्यापकांना उलटून बोलत, पण पिवळी चिठ्ठी दिसली की सही करून मोकळे होत. आणि खरोखरच कुणी सापडलं नाही, तर तक्तेसर चिठ्ठीवर स्वतःचं नाव घालत. अशाने त्यांनी एकदा आठवीला सलग चार दिवस शिवण शिकवली. मुलींना काज घालता आलं नाही, पण सुईचा इतिहास तोंडपाठ झाला.

बायको फार लवकर गेली. एकच मुलगी. ती शाळा सुटली, की त्याच जिन्याखालच्या खोलीत बसून गृहपाठ करायची, पंख्याशिवाय. चौथीत असताना तिने समुद्रातल्या एका बेटावर जायचा हट्ट धरला होता. सर म्हणाले होते, "सुट्टीत बघू." पण सुट्टीत पुढच्या वर्षाचं वेळापत्रक असतं. आता ती सात तासांच्या अंतरावरच्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका होती आणि दर रविवारी फोन करायची. पाच मिनिटं.

सर शाळेसमोरच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. रविवारीसुद्धा त्यांचा चहा दहा पंचवीसला, मधल्या सुट्टीला. समोर घंटा वाजत नसली तरी.

एका रविवारी फोनवर मुलगी सहज म्हणाली, "बाबा, चार-पाच दिवस जाऊ या का कुठेतरी? दोन दिवस तुम्हाला शहर बघायला, तीन दिवस मला समुद्र."

सोमवारी सरांनी नवा पुठ्ठा आणला.

पाच दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत रोजचे आठ लांब तास. पहिले दोन दिवस शहर: किल्ला, वस्तुसंग्रहालय, जुनी बाजारपेठ, उंच मनोरा. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने बेट. दोनच रंग होते, सरांचा राखाडी आणि मुलीचा शेंदरी, आणि प्रत्येक चौकटीत दोघांचे तुकडे शेजारी शेजारी. शिक्षकखोलीला महिनाभराची करमणूक मिळाली.

"तक्तेसर, बेटावर मधली सुट्टी किती वाजता?" कवायतीच्या मास्तरांनी विचारलं.

"दहा पंचवीस."

"आणि लाटा? पहिल्या घंटेला येतात की दुसऱ्या?"

"भरतीची वेळ मागवलीय," सर गंभीरपणे म्हणाले.

गणिताच्या बाईंनी चष्मा वर करून तक्ता न्याहाळला. "अहो, इथे सूर्यास्त दोनदा घातलाय तुम्ही."

"दोनदा नाही, बाई. सूर्यास्त सातव्या तासाला सुरू होतो, पण आठव्यात थोडा जातो. मधे घंटा झाली तर पोरीचा विरस होईल. म्हणून जोडतास घेतलाय."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घ्या, घ्या. चांगलं केलंत."

सरांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा रजेचा अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला आणि तब्येत विचारली. सरांनी एक शर्टही घेतला. पोपटी, त्यावर हाताच्या पंजाएवढी फुलं. तो कपाटाच्या दाराला टांगून ठेवला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, "जरा भडक वाटतो का हो?" असं विचारत होते. खरं सांगतो, तो शर्ट भडक नव्हता, तो शर्ट म्हणजे दंगल होती. मी म्हणालो, "छान आहे."

मग मुलीचा फोन आला. तारखा पुढे ढकलाव्या लागतील, वॉर्डात माणसं कमी आहेत. सरांनी तक्ता नव्याने मांडला. भरती बदलली, वस्तुसंग्रहालयाचा बंद दिवस मधे आला, म्हणून किल्ला इकडे, मनोरा तिकडे. पुन्हा फोन. पुन्हा तक्ता. प्रत्येक तक्त्याची नीट नक्कल करून ते मुलीला पाठवत. आठवी नक्कल गेल्यावर त्यांचा धीर सुटला, पण राग मुलीवर नव्हता.

"तिच्या रुग्णालयात ड्यूटीचं वेळापत्रक कोण करतो, मला बघायचंय," ते मला म्हणाले. "अडाणी माणूस दिसतोय. एका बाईला पाच दिवस सोडता येत नाही? मी अर्ध्या तासात करून देईन."

माझ्यादेखतच त्यांनी फोन लावला. "हे बघ, तुझं ड्यूटीचं काम बघतो ना, त्या माणसाला फोन दे. धंद्यातलं धंद्यात बोलतो. त्याला वाईट वाटेल असं काही म्हणत नाही."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. सर म्हणाले, "असं का. बरं. जेवलीस का?" आणि फोन ठेवला.

"तीच करते," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. बोलली नव्हती."

मी म्हणालो, "मग काय, स्वतःची पाच दिवस रजा—"

"छे, छे," सर एकदम म्हणाले. "वेळापत्रक करणाऱ्याने स्वतःची सोय बघायची नसते. बघितली, की लोकांचा विश्वास उडतो. मीच शिकवलंय तिला. इथेच बसायची ती." आणि त्यांनी कपाटाजवळचं स्टूल दाखवलं, जणू मला ते माहीत नव्हतं.

रजा मंजूर झालेली होती, तिकिटं आलेली होती. निघायच्या चार दिवस आधी सात चाळीसला ते माझ्यापुढे उभे राहिले. हातात पिवळी चिठ्ठी. 'गैरहजर: मुलगी. बदली:' आणि पुढे माझं नाव. खाली सहीची रेघ.

पंचेचाळीस मिनिटांसाठी मी कुणाचीही बदली घेतली असती. पाच दिवसांसाठी घरी विचारावं लागतं. तेही मी विचारलं नाही. मला, वाचकहो, त्या शर्टाशेजारी वाळूत बसलेला मी दिसलो, हॉटेलच्या खोलीत पलंगावर फुलांचा बदाम काढलेला दिसला, आणि कवायतीचे मास्तर वर्षभर काय काय म्हणतील ते सगळं ऐकू आलं. मी म्हणालो, "सर, मेव्हण्याकडे कार्य आहे." मला मेव्हणा नाही. ते त्यांना माहीत होतं. माझ्या रजेचे सगळे अर्ज त्यांच्याच हातून जात.

"हरकत नाही," ते म्हणाले आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

"तुम्ही एकटे जा ना, सर. शहर तरी बघून या."

"एका माणसाचा तास असतो का कुठे?" ते म्हणाले.

ते गेले नाहीत. रजा मात्र रद्द केली नाही, कारण त्या पाच दिवसांच्या बदल्या आधीच लावून झाल्या होत्या आणि लावलेली बदली मोडायची नाही हा नियम होता. रजेच्या तिसऱ्या दिवशी मला खडू हवे होते म्हणून मी जिन्याखालची खोली उघडली. पंखा पूर्ण वेगात चालू होता. खिडकी उघडी. रंगीत तुकडे जमिनीवर, कपाटावर, सरांच्या केसांत. सर खुर्चीत बसले होते, अंगात पोपटी शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं.

"वारं चांगलं आहे इथे," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"समुद्रावर असंच असतं म्हणतात," सर म्हणाले.

मी खडू घेतले आणि वर्गावर गेलो.

पुढच्या वर्षी सरांनी शिक्षकखोलीत एक फोटो आणला. बेट, निळं पाणी, आणि रुग्णालयातल्या सहा मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात हात घालून. डावीकडून दुसरी सरांची मुलगी. कवायतीच्या मास्तरांनी फोटो बघितला आणि दोन्ही हातांनी जपून सरांना परत दिला.

"एका वॉर्डातून एकदम सहा जणी काढल्या," सर फोटोवर बोट ठेवून सगळ्यांना सांगत होते, "आणि मागे एकही पाळी रिकामी नाही. नवीन मुलींना आधीच शिकवून तयार केलं होतं म्हणे. मला नसतं जमलं. आणि तक्ता माझाच नेला होता, आठवी नक्कल. शहर दोन दिवस, बेट तीन."

"जोडतास घेतला का?" गणिताच्या बाईंनी हळूच विचारलं.

"सूर्यास्त सहाव्या तासालाच होतो तिथे, असं कळवलंय तिने. तेवढी माझी चूक झाली." आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढून आपल्याकडच्या नकलेत ती दुरुस्ती केली.

एप्रिलमध्ये ते निवृत्त झाले. ते बेट त्यांनी अजून पाहिलेलं नाही.