आईंची करली

माझ्या सासूबाई माशाच्या बाबतीत कुणावर विश्वास ठेवत नसत. त्यातून करली असली की संपलंच. लांबलचक चंदेरी मासा, तोंडात सुळे आणि अंगभर केसासारखे काटे. नाशकात तिला कुणी विचारत नव्हतं. मासेवाला मुंबईहून बर्फात घालून आणायचा ती खास आईंसाठी. मालवणहून लग्न होऊन त्या इकडे आल्या त्याला जमाना झाला होता, पण जीभ काही घाट चढली नव्हती.

मी चांदवडची. आमच्याकडे मटण कळतं. नव्वद साली माझं लग्न झालं आणि माझी आई पहिल्यांदा भेटायला आली, तेव्हा ओट्यावरचे ते सुळे बघून म्हणाली, "आगं, हा मासा हाय का कुत्रं?" सासूबाई दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत.

करली चिरायची त्यांची एक रीत होती. विळीवर बसून तिरक्या चिरा पाडायच्या, इतक्या जवळजवळ की काटे आतल्या आत बारीक तुटावेत. मी जवळ गेले की म्हणायच्या, "तुका जमाचा नाय, गो." अहो, करू दिलं तर जमेल ना!

जेवताना तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवऱ्याच्या ताटात अख्खा तुकडा, माझ्या ताटात त्यांनी बोटांनी निवडलेला बिनकाट्याचा चुरा. पुढे माझी लेक शाळेत जायला लागली, तिलाही अख्खा तुकडा मिळाला. मला चुराच. "आई, आता पोरीची आई झाले मी," मी एकदा म्हणाले.

"झालंस गो. पण चांदवडचीच मा?"

एकदा आई मालवणला गेलेल्या असताना मी हट्टाने करली आणली. या घरातली करली मलाही करता येते, एवढंच मला दाखवायचं होतं. चिरा उभ्या पडल्या. नवऱ्याच्या घशात काटा अडकला. कोरड्या भाताचे गोळे गिळून झाले, शेवटी डॉक्टरांनी चिमट्याने काढला. आई परतल्यावर त्याने पहिली चहाडी हीच केली. त्यांनी विळी तेवढी माळ्यावर चढवली.

मग साखरेने त्यांची नजर नेली आणि विळी नाइलाजाने माझ्याकडे आली. त्या शेजारी स्टुलावर बसून नुसत्या आवाजावरून ओरडायच्या, "तिरकी मार गो, तिरकी!" मी बोलणी खात शिकले.

पहिली धड जमलेली करली मी त्यांना वाढली. काटे काढून द्यायला गेले तर माझा हात बाजूला सारला. बराच वेळ ताटात बोटं फिरत राहिली. आता घास घेतील, काहीतरी म्हणतील, म्हणून मी बघत बसले. तर त्यांनी चाचपडत माझं ताट शोधलं आणि निवडलेला चुरा त्यात टाकला.

"आई, आज करली मी केलीये."

"म्हणानच," त्या म्हणाल्या.

त्या गेल्या. आता विळी माझी आणि चिरा तिरक्याच पडतात. सगळ्यांच्या ताटात अख्खा तुकडा असतो, माझ्याही. मला मात्र अजून दर वेळी काटा लागतो, आणि दर वेळी आईंचा राग येतो. इतकी वर्षं निवडून घातलं, पण करली खायला काही शिकवलं नाही.