तांदळात लिहिलेलं नाव

"जिथं हायेत तिथंच थांबा. हलू नका. आपलं माणूस येऊन राह्यलंय."

दिवाळीत आमच्या तलावाच्या घाटावर तुम्ही कधी आला असाल, तर हा आवाज ऐकलाच असेल. माइक तोंडापासून वीतभर लांब, डावा हात कानावर, डोळे मिटलेले. एसटी स्टँडवर जन्मभर गाड्या पुकारून काका रिटायर झाले होते, पण पुकारायची खोड काही गेली नव्हती.

माझा मंडप आणि साउंडचा धंदा. घाटाची दुरुस्ती झाली, वेड्या बाभळी निघाल्या, गाळाखालच्या दगडी पायऱ्या वर आल्या आणि दिवाळीत तिथं जत्राच भरायला लागली. ओवऱ्यांत पणत्या, पाण्यात हंसाच्या होड्या, गाण्यावर नाचणारं कारंजं, सेल्फीसाठी पंख रंगवलेली भिंत. जालन्यापासून अंकुशनगरपर्यंतची माणसं लोटतात. एवढी माणसं लोटली की हरवतातही. म्हणून समितीनं 'हरवले-सापडले'साठी पत्र्याचं एक खोकं दिलं आणि त्यात काका बसले.

पोर हरवलं की ते त्याला गाडीसारखं पुकारायचे. "निळा शर्ट, नाक वाहतंय, एका पायात चप्पल. वडीगोद्रीचे पालक, जल्दी या, पोरगं माझी भेळ संपवून राह्यलंय." एकदा तर एका बाईचा नवराच हरवला आणि ती काही त्याचं नाव घेईना. काकांनी माइक तिच्यापुढं धरला. "उखाण्यात घ्या, पण घ्या." तिनं घेतलं. घाटभर टाळ्या पडल्या आणि नवरा लाजत लाजत हजर झाला.

गेल्या दिवाळीत ते काकूंनाही बरोबर आणायला लागले. काकूंचं विसरणं फार वाढलं होतं आणि लेक सासरी, घरी बघायला कोणी नाही. काका उपरण्याचं एक टोक त्यांच्या मनगटाला बांधायचे, दुसरं खुर्चीला. गाठ नावापुरती, मनगट काचू नये म्हणून. भेळेतल्या मिरच्या वेचून त्यांना भरवायचे. काकू कारंज्याकडं बघत विचारायच्या, "आमचा बाप कवा येतो न्यायला?"

"येऊन राह्यलाय. तू तिथंच बस."

'शोभा' म्हणून हाक मारली तर काकू वळूनही बघत नसत. आम्हाला वाटायचं, आता कानही गेले.

पाडव्याची दिवेलागण. होड्यांकडचा स्पीकर खरखरायला लागला. मी काकांना म्हणालो, "दोन मिनिटं चला, तिकडं बराबर ऐकू येतंय का सांगा." मीच म्हणालो. हे मी कोणापासून लपवलेलं नाही आणि त्यावरून मला कोणी बोललंही नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परत आलो तर उपरणं खुर्चीला लोंबत होतं.

काकांनी माइक घेतला. "शोभाबाई. वय अडुसष्ट. हिरवी साडी. जिथं हायेत तिथंच थांबा." पाडव्याला निम्मा घाट हिरव्या साडीत असतो. तासभर ते पुकारत होते. समितीचा एक जण येऊन म्हणाला, "काका, जरा आवरतं घ्या, पाहुणे आलेत, कारंजं चालू करायचंय." मी त्याला काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. तरी कारंजं चालू झालंच. त्या गाण्याच्या वर आवाज चढवता चढवता काकांचा गळा फाटला. शेवटी नुसतं "शोभा, अगं शोभा" एवढंच ऐकू येत होतं.

पोलिसांत कळवलं. सकाळी होड्या घालून सगळा तलाव धुंडाळला. पाण्यात काही नव्हतं. दुपारी खालच्या पायऱ्यांवर बांगड्या विकणारी बाई आमच्याकडं आली.

"येक म्हातारी लई येळ माझ्यापाशी बसली व्हती. भोंगा आमच्या डोक्यावरच. ती म्हने, 'कोनाची बाई हरवली गं? बिचारी. सापडू दे रे देवा.' हात जोडत व्हती."

"नाव न्हाई का इचारलं तुम्ही?" काका म्हणाले.

"इचारलं की. ठकू म्हनली. म्हनून मला काय वाटलंच न्हाई. मंग बाप आला म्हनून उठली अन् रस्त्याकडं गेली."

"ठकू?" काकांनी तिला पुन्हा विचारून घेतलं. काकूंचं माहेर कुंभार पिंपळगाव. लग्नाआधी त्या ठकू होत्या.

"मीच बदललं रे," काका म्हणाले. "ताटात तांदूळ पसरले अन् अंगठीनं शोभा लिहिलं. ठकू म्हनलं तर दोस्त हसतील म्हनून. पुन्हा जन्मात कधी ठकू म्हनलो न्हाई. बिलकुल विसरून गेल्तो."

त्या माउलीनं तासभर स्वतःचाच पुकारा ऐकला आणि स्वतःसाठीच देवाला हात जोडले. मला हे अजूनही सहन होत नाही.

भाऊबीजेला काका पुन्हा माइकवर बसले. "ठकू, मी चुकलो. जिथं हायेस तिथंच थांब. मी येऊन राह्यलो." लोक मोबाइल वर धरून त्यांचं शूटिंग करत होते. ठकू आली नाही. माहेरीही पोचली नव्हती.

उत्सव संपला तसे काका माझ्या दुकानात आले. "तुझा बॅटरीचा भोंगा दे." मी दिला. मग ते गावोगावचे आठवडी बाजार फिरायला लागले. उन्हाळ्यात मला वडीगोद्रीला दिसले. हायवेच्या कडेला उभे, दाढी वाढलेली, अंगावर नुसती हाडं. जाणाऱ्या गाड्यांकडं भोंगा धरून ओरडत होते, "ठकू, बाप आलाय गं न्यायला! तिथंच थांब!"

मी त्यांचा हात धरला. "काका, घरी चला. काकू घरी आल्या तर तुम्हाला कुठं धुंडतील?"

"मला कशाला धुंडंल ती?" काका म्हणाले. "मी कोन, हे तिला ठावं तरी हाये का आता? ती बापाची वाट बघून राह्यली."

पावसाळा सरता सरता वडीगोद्रीच्या एका चहावाल्याचा फोन आला. भोंग्यावर माझ्या दुकानाचा नंबर होता. भोंगा चार्जिंगला लावून काका "आलोच" म्हणून गेले होते, त्याला महिना झाला होता. मी भोंगा घेऊन आलो. पोलिसांत आता दुसरी तक्रार दिली, काकांची.

यंदा खोक्यात एक नवी मुलगी बसते. चांगली पुकारते. पाडव्याला दिवे लागले तसा मी काकांचा भोंगा घेऊन खालच्या पायऱ्यांवर, बांगड्यांच्या दुकानापाशी गेलो. बांगडीवालीनं मला ओळखलं आणि सरकून जागा दिली. मी बटण दाबलं.

"ठकूबाई, काका, जिथं हायेत तिथंच थांबा. हलू नका."

पुढचं वाक्य तुम्हाला पाठ आहे. मलाही होतं. पण त्यांच्याकडं आता कोण येऊन राह्यलंय, ते मला माहीत नव्हतं. मी बटण सोडून दिलं.