वर्गणी बंद पडली त्या वर्षी

अकोल्यातला आमचा फुटबॉल क्लब जिल्ह्याच्या खालच्या गटात खेळायचा आणि वर्गणीवर चालायचा. जुने खेळाडू दर महिन्याला जमेल ते द्यायचे. कोणाची केळीची गाडी होती, कोणी कापसाच्या जिनिंगमध्ये होता. गोलकीपर एसटीत कंडक्टर होता. मी दहा वर्षं बॅक म्हणून खेळलो, गुडघा गेल्यावर सचिव झालो. माझं फ्लेक्स छपाईचं दुकान, म्हणून नोंदणी आणि पत्रव्यवहार आपोआप माझ्याकडे आला. संघ शिकवायचे ते उस्ताद. रेडिएटर दुरुस्तीचं त्यांचं गॅरेज होतं. संध्याकाळी डिझेलनं हात धुऊन मैदानात यायचे आणि वर्गणी चुकवणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारायचे, "तंबाखूच्या खर्ऱ्याले पैसे हायेत तुयाकडे, इथंच नाई?" लोकांना राग यायचा, पण लोक द्यायचे.

मला मात्र त्याची लाज वाटायची. स्पर्धेची प्रवेश फी भरायची म्हणून केळीवाल्यापुढे उभं राहायचं, ही काय क्लब चालवायची रीत झाली?

तेवढ्यात एक शेठ भेटला. पेट्रोल पंप, प्लॉटचा धंदा, आणि नगरसेवक व्हायची घाई. क्लबचा सगळा खर्च करतो म्हणाला. क्लबच्या नावाआधी त्याचं नाव लावायचं, एवढीच अट. त्याच्या वाढदिवसाचे सगळे फ्लेक्स माझ्याकडे छापले जायचे, हे इथेच सांगून टाकतो, कारण तेव्हा मी ते मीटिंगमध्ये सांगितलं नव्हतं.

उस्तादांनी मीटिंगमध्ये एकच विचारलं, "आन तो गेला तं मंग?"

"जाईल कावून?" मी विचारलं.

"इलेक्शन झाल्यावर थांबील कावून, ते सांगा."

मी म्हणालो, तुम्हाला कोणाचंच चांगलं पाहवत नाही. हात वर करून मत घेतलं. उस्तादांच्या बाजूनं त्यांचा स्वतःचाच हात होता.

पहिलं वर्ष झकास गेलं. नवे बूट आले. मॅचमागे पैसे घेणारे चार खेळाडू शेठनं नागपूरहून आणले. आम्ही वरच्या गटात गेलो. वर्गणी मागायला गेलो तर कंडक्टर हसला. "आता शेठ हाये ना. आमचे पन्नास रुपये कायले पाह्यजे?" मला सुटल्यासारखं झालं. मी मागणंच सोडून दिलं.

मग अमरावतीच्या स्पर्धेची सेमीफायनल आली. मैदानावर पोचलो आणि शेठचा फोन आला. गोलमध्ये नागपूरवाला पाहिजे, कंडक्टर नको. मी उस्तादांना सांगितलं.

"टीम मी काढतो," ते म्हणाले.

"खर्च तुमी करता काय? करणाऱ्याचं आयकाच लागते. नाईतर तुमी आपले रेडिएटर पाहा."

सगळी पोरं ऐकत होती. उस्तादांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या पायापाशी टाकली. "उचल. आता तूच वाजव." तोवर ते मला कधी तू म्हणाले नव्हते. ते एसटी स्टँडकडे चालू लागले. कंडक्टर उठला, त्याच्यामागे आणखी चौघं. मी एकालाही थांबवलं नाही. बदली खेळाडू उतरवून आम्ही ती मॅच जिंकलो. फोटोत मी मधोमध उभा आहे.

शेठ निवडणूक हरला. आठवड्याभरात त्यानं फोन उचलणं बंद केलं. माझ्या दुकानात त्याचे फ्लेक्स येणंही थांबलं. नागपूरवाले पुढच्या मॅचला आलेच नाहीत. मी पुन्हा वर्गणीला निघालो. केळीवाला मान वर न करता गिऱ्हाइकासाठी केळी मोजत राहिला. कंडक्टर म्हणाला, "शेठले मांग." वर्षभर कोणी दिलं नव्हतं, आणि न देण्याची सवय लागायला वर्ष पुष्कळ झालं. शिवाय तो क्लब आता त्यांचा राहिलाच नव्हता. मीच तो दुसऱ्याच्या नावावर केला होता.

उस्तादांनी दरम्यान नवी टीम उभी केली होती. तेच केळीवाले, तेच जिनिंगवाले, तीच वर्गणी. आमची टीम घसरून त्यांच्याच गटात आली आणि त्यांच्याशीच मॅच लागली. त्या दिवशी माझ्याकडे आठ खेळाडू होते. हाफटाइमला आमच्यावर सहा गोल झाले होते. मी उस्तादांकडे गेलो. "जरा हळू घ्याले सांगा. आठच हायेत आमचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "कावून? तुमी तं वरच्या गटातले."

अकरा-शून्य. शेवटचा गोल झाला तेव्हा त्यांची पोरं माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवत होती. त्या माणसाचं खरं होतं हे मला त्या दिवशीही कळत होतं. पण म्हणून राग कमी झाला नाही. उलट वाढला.

क्लब बंद करण्याच्या पत्रावर जुना सभासद म्हणून त्यांची सही लागत होती. मी गॅरेजात गेलो. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. पत्र सावकाश, अक्षर न् अक्षर वाचलं, तळाला सही केली आणि पेन परत दिला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तुमच्या टीमचं काही छापाचं असलं तं सांगा. पैसे घेनार नाई."

"आमच्या टीमले फुकटचं चालत नाई," ते म्हणाले आणि वळून कामाला लागले.

त्याला आता दोन वर्षं झाली. मैदानाकडे जाताना ते माझ्या दुकानावरूनच जातात. ते आत पाहत नाहीत. मीही हाक मारत नाही.