विझवलेली पऱ्हाटी

कापसाचा शेवटचा वेचा झाला की वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, उपटायची, बांधाशी ढीग लावायचा आणि काडी ओढायची. आमच्या वडनेरच्या शिवारात सगळे हेच करत, मीही केलं. गेल्या वर्षी वारा फिरला आणि माझ्या ढिगाचा धूर शेजारच्या वावरात, चुलत्यांच्या गोठ्यात शिरला. ते आत बसले होते. त्यांना दमा होता, मला ठाऊक होतं. त्यांचं खोकणं ऐकू येत होतं आणि मी ढिगात आणखी पऱ्हाटी लोटत होतो. लवकर उरकावं, एवढंच डोक्यात. होळीच्या आत ते गेले. धुराने गेले असं कोणीच म्हणालं नाही. म्हणून ते मलाच स्वतःला सांगत राहावं लागतं. विहिरीवरची मोटर बंद केली की त्या शांततेत खोकणं अजून येतं.

यंदा काकूने तिच्या वावरात कोणालाही काडी लावू दिली नाही. वाळकी पऱ्हाटी तशीच उभी. तिच्यातली बोंडअळी आपल्या वावरात येईल म्हणून शेजारी कुरकुरू लागले. ती गावाला गेली की पेटवून देऊ, अशी भाषा सुरू झाली. चुलते गेल्यावर मी मलकापूरच्या शेतकरी मेळाव्यात पऱ्हाटीचा कोळसा करायला शिकलो होतो, गावोगाव दाखवतही होतो. तिच्या दारात जाववत नव्हतं, एवढंच. शेवटी गेलो.

"काऊन रे बाप्पा, तुयं जाळून झालं नाही का अजून?"

"जाळाचं नाही काकू. खड्ड्यात कोळसा कराचा, मातीत टाकाचा. धूर लय कमी होते."

"कमी म्हंजे केवढा? एका म्हाताऱ्यापुरता?"

पदर खोचत तीच म्हणाली, "चाल. पन मी तिथंच उभी राह्यन."

वर रुंद, खाली निमुळता खड्डा खणला, तळाशी जाळ केला. त्यावर पऱ्हाटीचे थरावर थर टाकत गेलो. जाळ वरच राहिला, धूर त्यातच जिरला. वरच्या थरावर पांढरी राख धरू लागली. आता पाणी ओतायचं, नाहीतर कोळशाचीही राखच होते. नेमक्या याच टप्प्यावर प्रत्येक गावात बाया मागे सरायच्या आणि मी मनातून चिडायचो. आमच्याकडे धगधगत्या विस्तवावर पाणी घालत नाहीत. ते मसणात घालतात, राख सावडताना. बादली उचलली आणि माझाच हात थांबला.

"थांबला काऊन?"

"तू घरी जाय काकू. पानी टाकाचं हाय."

"त्याईच्या राखेवर टाकाले मले कोनी नेलं व्हतं? बायाईले नेता का तुमी तिथं?" तिने बादली ओढून घेतली. "सरक."

चर्र आवाज झाला, वाफेत ती दिसेनाशी झाली. मी बादल्या भरून देत राहिलो, ती ओतत राहिली. वाफ निवली तेव्हा खड्ड्यात काळा, ओला कोळसा होता. तिने वाकून एक तुकडा उचलला, बोटांत मोडला आणि हात लुगड्याला पुसले.

"बाकीची उद्या कर," ती म्हणाली. "मी येईस्तोवर काडी लावू नको."